मापसाहेबांचा न पाहिलेला उत्तरार्ध

माणसाने खोटं बोलूच नये असं आमचं म्हणणं नाही. इतका कडकपणा आम्हालाही झेपणारा नाही. पण बोलायचंच तर बेताचं बोलावं, दहा-पंधरा दिवसांत आपलं आपण विरून जाईल असं. मापसाहेब आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही तोंडाने नाही, नुसती मान हलवून आणि गप्प राहून. पण ते सव्वीस वर्षं टिकलं आणि एका रविवारी संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरीला सोबत घेऊन त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे आणि खोटं वजन सापडलं की ते जप्त करायचे, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव इमारतीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना आठवत नव्हतं. घरातसुद्धा ते चहात साखर घालताना चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करत. अशा माणसाच्या संसारातलं पायाचं वजनच खोटं असावं, हा प्रकार कुणालाही गमतीचा वाटेल. मापसाहेबांना तो कधीच गमतीचा वाटला नाही.

सेक्रेटरींनी बातमी आणली होती ती अशी. येत्या शनिवारी संध्याकाळी खालच्या सभागृहात छत्रीचा सिनेमा दाखवायचा. सिनेमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हा कार्यक्रम. खरं तर सव्वीस झाली होती, पण ठराव मंजूर होण्यात एक वर्ष गेलं. आणि सिनेमा सुरू होण्याआधी मापसाहेबांनी दहा मिनिटं बोलायचं. विषय, हा सिनेमा लोकांना इतका का आवडतो.

मापसाहेब नाही म्हणायला तोंड उघडणार, तोवर वहिनींनी हो म्हणून टाकलं. वहिनी म्हणजे मापसाहेबांच्या पत्नी. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. त्या म्हणाल्या, बोलतील की, त्यांच्याइतकं त्या सिनेमाबद्दल कोण बोलणार. आणि नवऱ्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की मापसाहेबांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

आता तो सिनेमा. तसा साधाच. बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी असते. तिथे एक करड्या शिस्तीची बाई बसते, आणि मागच्या टेबलाशी कुणापुढे टोपी न काढणारे तिचे म्हातारे साहेब. एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, ज्याच्या सदऱ्याची बटणं नेहमी एक घर चुकलेली असतात, तो या बाईवर भाळतो आणि तिला बघायला मिळावं म्हणून दर आठवड्याला आपली छत्री मुद्दाम बसमध्ये विसरतो. मग खिडकीवर यायचं, फॉर्म भरायचा, छत्रीचं वर्णन द्यायचं. सतराव्या वेळी ती खिडकी त्याच्या तोंडावर बंद करते आणि म्हणते, ही छत्री आता तुमची राहिली नाही. इथे मध्यंतर होतं.

मध्यंतरानंतर काय होतं हे मापसाहेबांना माहीत नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी एका मावशींनी या दोघांची ओळख करून दिली आणि एकदा सिनेमाला जाऊन या, मग काय ते सांगा, असं सुचवलं. पूर्वार्ध छान गेला. मध्यंतरात मापसाहेब दोन कॉफ्या आणायला बाहेर गेले. रांग मोठी होती. कप हातात पडले तेव्हा घंटा होऊन गेली होती, आणि दारावरच्या माणसाने त्यांना अडवून अर्धी तिकिटं मागितली. ती होती तिच्या पर्समध्ये. मापसाहेबांनी विनवून पाहिलं. तो म्हणाला, तिकिटाशिवाय आत सोडायचं नाही असा नियम आहे. नियम म्हटल्यावर मापसाहेब दोन पावलं मागे सरले. तिथे वाद घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दारापाशीही थांबता येणार नाही म्हणून त्याने त्यांना खाली रस्त्यालगतच्या पायरीवर पिटाळलं. तिथे दोन कप हातात धरून ते उत्तरार्धभर उभे राहिले आणि, सांगायला हरकत नाही, थोडे रडले. आपण इतके बावळट कसे, या विचाराने रडलो, असं त्यांचं स्वतःला दिलेलं स्पष्टीकरण होतं.

दारं उघडली तेव्हा येणाऱ्या लोंढ्यातून अंग चोरत, मान खाली घालून ते आत घुसले. ती खुर्चीजवळ उभी होती. त्यांचे लाल डोळे पाहून ती थबकली आणि तिने विचारलं, मागे उभं राहून बघितलात का, शेवटाला रडलात का. मापसाहेबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने हो धरलं. दुसऱ्या दिवशी मावशींकडे तिचा होकार आला.

तेव्हापासून कुठल्याही बैठकीत वहिनी ही गोष्ट सांगत. लोक विचारत, यांच्यात काय पाहिलंत; वहिनी म्हणत, त्या सिनेमाच्या शेवटाला हे रडले, त्या एका गोष्टीवर मी हो म्हटलं. पुढचं मापसाहेबांनी कधी ऐकलं नाही, कारण गोष्ट सुरू झाली की ते उठून आत जात. टीव्हीवर तो सिनेमा लागायचा त्या काळात तर ते सरळ घराबाहेर पडत. वहिनी पाहुण्यांना हळू आवाजात सांगत, त्यांना बघवत नाही हो. अशा रीतीने मापसाहेबांचं हळवेपण वर्षानुवर्षं वाढत गेलं, आणि त्याला कधी कुणी तराजू लावला नाही.

रविवारचं जेवण त्यांना गेलं नाही. हिशोब सरळ होता. भाषणात एक जरी वाक्य चुकलं तर वहिनींच्या लक्षात येणार, आणि ज्या एका गोष्टीवर हो म्हटलं ती गोष्टच नव्हती, हे कळल्यावर त्या होकाराचं काय करायचं? खोट्या वजनाने केलेलं सगळं मोजमाप खोटं, हे वाक्य मापसाहेब स्वतः आठवड्यातून चारदा दुकानदारांना ऐकवत. हातात सहा दिवस होते. सहा दिवसांत सव्वा तासाचा उत्तरार्ध बघायचा, यात खरं तर अवघड काही नसावं.

सोमवारी ऑफिसात त्यांनी फाइलीआड मोबाइल धरून शोध घेतला. सिनेमा कुठेच नव्हता. दोन निर्माते भाऊभाऊ, त्यांचं भांडण कोर्टात, आणि निकाल लागेपर्यंत सिनेमा कुणी कुठे चढवायचा नाही असा हुकूम. एका ठिकाणी चार मिनिटांचा तुकडा सापडला. तो पूर्वार्धातला होता. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं: ‘शेवट आठवला की अजून श्वास अडकतो.’ ‘आमच्या आईने हा शेवट अकरा वेळा पाहिला.’ ‘ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगू नका.’ ही शेवटची सूचना सगळ्यांनी इतक्या इमानाने पाळली होती, की मापसाहेबांना लोकांच्या प्रामाणिकपणाचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

मंगळवारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून वाचनालयात गेले. तिथे सिनेमाच्या डिस्कचा विभाग होता आणि सूचीत या सिनेमाचं नावही होतं. ग्रंथपालबाईंनी फॉर्म दिला. फॉर्मात एक रकाना होता, ‘पाहण्याचे कारण’. मापसाहेबांनी पेन उघडलं आणि पाच मिनिटं तसंच धरून बसले. लिहायचं काय? शेवटी त्यांनी ‘खात्री’ एवढंच लिहिलं. बाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की डिस्क एकच आहे आणि ती तुमच्याच इमारतीच्या सेक्रेटरींनी कालच नेली आहे. मग ही गोष्ट फॉर्म भरण्याआधी का सांगितली नाहीत, असं मापसाहेबांनी जरा चिडून विचारलं. फॉर्म भरल्याशिवाय डिस्कची माहिती देता येत नाही, असा नियम होता. मापसाहेबांनी मुकाट्याने पेन खिशाला लावलं.

बाईंना मात्र त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली असावी. निघताना त्या म्हणाल्या की आपल्याला तो सिनेमा आवडतो तो त्या खिडकीवरच्या बाईसाठी. नियमावर बोट ठेवून बसणाऱ्या बाईवरही कुणी जीव टाकू शकतं, हे इतर कुठल्या सिनेमात दाखवतात? तिथे अशा बायांचं फक्त हसं होतं. मापसाहेबांना हे पटलं आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, आणि शेवटाबद्दल काय म्हणाल? बाई दोन क्षण खिडकीबाहेर बघत राहिल्या. म्हणाल्या, तो सांगून कळत नाही.

बुधवारी त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. डिस्क सेक्रेटरींच्या कपाटात कुलूपबंद होती. मला जरा बघायला द्या, असं म्हणायची सोय नव्हती. सेक्रेटरी लगेच म्हणाले असते, तुम्हाला तर तोंडपाठ आहे. म्हणून मापसाहेबांनी आपला सरकारी आवाज लावला. कार्यक्रमाआधी डिस्कची तपासणी झाली पाहिजे, ऐन वेळी अडकली तर जबाबदार कोण, असं त्यांनी बजावलं. जबाबदार हा शब्द ऐकून सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाले. मापसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

पण तपासणी म्हटल्यावर ती एकट्याने कशी होणार? सेक्रेटरींनी मंडळाच्या दोन सभासदांना साक्षीला बोलावलं, खुर्च्या मांडल्या, आणि चौघांनी मिळून पूर्वार्ध पाहिला. मापसाहेबांना तो सव्वीस वर्षांनीही लख्ख आठवत होता. ते मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. खिडकी बंद झाली. पडद्यावर ‘मध्यंतर’ आलं. मापसाहेब पुढे सरकून बसले, आणि सेक्रेटरींनी हात लांबवून यंत्र बंद केलं.

पुढचा भाग तपासायला नको का, असं मापसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, वहिनींनी मुद्दाम निरोप पाठवलाय, यांना शेवट दाखवू नका, यांना उद्या ऑफिसला जायचंय. आमच्या लक्षात आहे हो तुमचा स्वभाव. दोन्ही सभासदांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मापसाहेबांना त्या क्षणी खरोखरच रडू येत होतं, आणि ते पाहून तिघांचीही खात्री पटली.

गुरुवारी टेलरमास्तर. त्यांचं दुकान समोरच्या फुटपाथवर होतं आणि या सिनेमाचे ते जुने भक्त. त्यांचं म्हणणं, सिनेमा चालला तो त्या चुकलेल्या बटणांमुळे. मापसाहेब, नीट बटणं लावलेला नायक आपल्याला कुठे भेटतो का? चुकून लावलेला माणूस दिसला की वाटतं, हा आपल्यातला. यावर ते अर्धा तास बोलले, बोलता बोलता त्यांनी मापसाहेबांची मापं घेतली आणि भाषणाला घालायला नवा सदरा शिवायलाही घेतला. शेवटाचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी कात्री खाली ठेवली, मान हलवली, तोंडावर पंचा धरला आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. मापसाहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. एवढा धट्टाकट्टा माणूस असा कोसळतो, म्हणजे शेवट भयंकरच असणार. नायक मरतो का? की बाई?

आता एकच आशा उरली होती, तळमजल्यावरची दातांची डॉक्टरीण. ती बोलकी होती, आणि गोष्टी सांगताना पुढचं-मागचं काही राखायची नाही अशी तिची ख्याती होती. शुक्रवारी संध्याकाळी मापसाहेब दात साफ करून घ्यायच्या निमित्ताने तिच्या खुर्चीत जाऊन बसले. तिने आरसा घालून पाहिलं आणि एक कीड शोधून काढली. मापसाहेबांना ती दाढ कधीही दुखली नव्हती. पण ते मागे सरले नाहीत. ज्या कामाला आलो ते झाल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांनी मनाशी निश्चय केला होता. तोंडात कापूस जाण्याआधी त्यांनी घाईघाईने छत्रीचा सिनेमा एवढेच दोन शब्द बाहेर काढले.

तेवढं पुरलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र सुरू केलं आणि शेवट सांगायलाही सुरुवात केली. ‘आणि मग तो सकाळी खिडकीवर येतो, तर काय, तिथे...’ यानंतर यंत्र दाढेत घुसलं. मापसाहेबांच्या अख्ख्या कवटीत घरघर भरली. यंत्र थांबलं तेव्हा वाक्य संपत होतं, ‘...सगळे लोक, त्यांच्या त्या म्हाताऱ्या साहेबांसकट!’ पुन्हा घरघर. ‘...आणि ती कपाट उघडते...’ घरघर. ‘...नुसता हात बाहेर!’ आणि डॉक्टरीणबाईंना पुढे बोलवेना. मास्कच्या वर त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. त्यांनी कोपराने ते पुसले आणि म्हणाल्या, मी हे कुणालाही नीट सांगूच शकत नाही, काका.

मापसाहेब सुजलेला गाल धरून घरी आले आणि लिहायला बसले. जे कळलं होतं ते त्यांनी एका खाली एक मांडलं. सकाळ. सगळे लोक जमलेले, म्हातारे साहेबसुद्धा. कपाट. त्यातून हात. निष्कर्ष एकच निघत होता, आणि तो लिहून त्यांनी खाली रेघ मारली. बिचारा घड्याळवाला.

शनिवारी सकाळी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. भाषण सिनेमा संपल्यावर ठेवा, अशी त्यांनी सेक्रेटरींना विनंती केली. सेक्रेटरी म्हणाले, संपल्यावर कोण थांबतंय. मग बरीच घासाघीस होऊन तडजोड निघाली: भाषण मध्यंतरात. सेक्रेटरींना वाटलं, आपण एक पाऊल मागे आलो. मापसाहेबांना दिसलं की ज्या जागी सव्वीस वर्षांपूर्वी आपल्याला अडवलं होतं, बरोबर त्याच जागी आता आपल्याला उभं करणार आहेत.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत वहिनी नवी साडी नेसून बसल्या होत्या, त्यांच्या शेजारची खुर्ची मापसाहेबांसाठी राखलेली. खिडकी बंद झाली, दिवे लागले, आणि सेक्रेटरींनी ज्यांच्या डोळ्यांना या सिनेमाचा शेवट खऱ्या अर्थाने कळला ते, अशी ओळख करून दिली. लोक गालातल्या गालात हसले. मापसाहेबांना ते आपल्या सुजलेल्या गालाला हसले असं वाटलं. ते माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी खिशातला कागद उलगडला.

सुरुवात बरी झाली. ग्रंथपालबाईंचं म्हणणं त्यांनी मांडलं, टेलरमास्तरांची बटणं सांगितली. लोक माना डोलावत होते. मग ते शेवटाकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले की, पण मंडळी, या सिनेमाचं खरं मोठेपण त्याच्या शेवटात आहे. ती सकाळ. ते सुन्न लोक. ज्यांनी आयुष्यात कधी कुणासाठी टोपी काढली नाही ते म्हातारे साहेबही तिथे उभे. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मापसाहेबांनी ओठ घट्ट केले आणि पुढे गेले. आणि मग ते कपाट उघडतं, मंडळी. आणि आपल्याला दिसतो तो फक्त एक हात. एक निर्जीव हात.

सभागृह हसून कोसळलं. टेलरमास्तर समोरच्या खुर्चीवर डोकं आपटत होते. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी गळ्यात पडल्या होत्या. मापसाहेबांना वाटलं, आपला गाल वाकडा आहे, शब्द नीट येत नाहीत. म्हणून ते आणखी सावकाश, आणखी गंभीरपणे बोलू लागले. मृत्यूने प्रेम संपत नाही, ते म्हणाले. दोन माणसं उठून भिंतीला धरून उभी राहिली. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली आणि टाळ्यांच्या गजरात मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं. अख्ख्या सभागृहात एकच बाई हसत नव्हती. वहिनी त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दिवे गेले. मापसाहेब येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. वहिनींनी आपला हात खुर्चीच्या हातावरून काढून मांडीवर घेतला. उत्तरार्ध सुरू झाला.

तो असा होता. घड्याळवाल्याचं छत्री प्रकरण गावात पसरतं, आणि प्रेम जमवायचा हा उपाय म्हणून जो तो आपली छत्री बसमध्ये विसरायला लागतो. खिडकीमागचं कपाट छत्र्यांनी गच्च भरतं. शेवटच्या सकाळी घड्याळवाला कबुली द्यायला येतो तर खिडकीपुढे रांग लागलेली. रांगेत म्हातारे साहेबसुद्धा, बगलेत छत्री दाबून, लाजत उभे. बाई रागाने त्याची छत्री काढायला कपाट उघडते आणि सगळ्या छत्र्या घड्याळवाल्यावर येऊन पडतात. ढिगाऱ्यातून फक्त त्याचा हात बाहेर येतो, त्यात भरलेला फॉर्म. वस्तूच्या वर्णनापुढे त्याने त्या बाईचं वर्णन लिहिलेलं असतं. ती ते वाचते, खोडून एक चूक दुरुस्त करते, आणि शिक्का मारते.

सभागृहात हशा मावत नव्हता. यात रडण्यासारखं काही नव्हतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस इथे रडला नसता. सव्वीस वर्षं आपली बायको लोकांना काय सांगत होती, हे मापसाहेबांना त्या अंधारात समजलं.

लोक हसत हसत बाहेर पडले. दोघं तसेच बसून राहिले.

‘तुम्ही हा सिनेमा आज पहिल्यांदा बघितलात,’ वहिनी म्हणाल्या.

‘पूर्वार्ध बघितला होता.’

‘त्या दिवशी अख्खं थिएटर असंच हसत होतं. आणि तुम्ही डोळे लाल करून आलात. मला वाटलं, सगळ्यांना हसू आलं त्यातलं काहीतरी या एकट्या माणसाला दिसलं. मी मावशींना तेच सांगितलं.’ त्यांनी पदर सारखा केला. ‘मी सव्वीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले.’

मापसाहेबांनी मग सगळं सांगितलं. रांग, घंटा, दारावरचा माणूस, पायरी. काही राखलं नाही. दुकानदार पकडला गेल्यावर जशी कारणं देतो तसली कारणंही दिली नाहीत. खोटं वजन आहे, जप्त कर, असं ते म्हणाले.

वहिनींनी समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत विचारलं, ‘मग रडलात कशासाठी?’

‘माझ्या बावळटपणाला.’

‘बावळटपणा तुम्ही नंतरही पुष्कळ केलात. त्यासाठी कधी रडलेले मी बघितले नाहीत.’

मापसाहेबांनी भाषणाच्या कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. ‘मला वाटलं, तू दुसऱ्या दाराने निघून जाशील,’ ते शेवटी म्हणाले. ‘मध्यंतरात हा माणूस पळाला असं तुला वाटेल आणि तू निघून जाशील. मला तुझा पत्तासुद्धा माहीत नव्हता.’

‘मला तसंच वाटलं होतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘पळाला असंच. लोक हसत होते आणि मी दाराकडे बघत होते. हा शेवट मीसुद्धा नंतर टीव्हीवर नीट बघितला.’

‘मग गेली का नाहीस?’

‘तुम्ही का नाही गेलात?’

तेवढ्यात दार उघडलं. सेक्रेटरी टेलरमास्तर आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन परत आत आले. सेक्रेटरींच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. मापसाहेबांच्या अंगात इतका विनोद आहे याची आम्हाला कल्पना नव्हती, निर्जीव हात म्हणजे कमालच होती, पुढच्या महिन्याच्या सिनेमावरही तुम्हीच बोलायचं, असं त्यांनी जाहीर केलं. मापसाहेबांना मोह झाला. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

‘ते विनोद करत नव्हते,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्यांनी हा शेवट बघितलेलाच नव्हता.’

आणि त्यांनी तिथल्या तिथे सगळी गोष्ट सांगायला घेतली. मापसाहेबांचे कान तापले. खात्यातला राजपत्रित अधिकारी दोन कप घेऊन पायरीवर मुसमुसत उभा, हे चित्र टेलरमास्तरांच्या डोळ्यांसमोर उभं राहताना त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी वहिनींच्या कानाशी वाकून, हे सगळ्यांना सांगायलाच हवं का, असं पुटपुटून विचारलं.

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. ‘सिनेमासाठी रडलात असं सांगत होते तेव्हा चालत होतं. माझ्यासाठी रडलात म्हटलं की लाज वाटते?’

मापसाहेब उठायच्या बेतात होते. ते पुन्हा खुर्चीत बसले.

‘तर तिकीट नाही म्हणून हे बाहेर,’ वहिनी पुढे सांगू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांचा हात परत खुर्चीच्या हातावर आला, ‘आणि मी आत. रस्त्यावरच्या पायरीवर, हातात गार झालेली कॉफी घेऊन, माझ्यासाठी तासभर उभे होते.’

‘एक तास दहा मिनिटं,’ मापसाहेब म्हणाले.